'बलाट्रो' पहिला का आणि 'वुकाँग' सहावा का : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि स्वतः शेवटपर्यंत खेळलेल्या व्हिडिओ गेमपैकी मला सर्वांत आवडलेल्या सहा गेमची क्रमवार यादी दिली होती. पहिला 'बलाट्रो', दुसरा 'अ‍ॅनिमल वेल', तिसरा 'लोरेलाय अँड द लेझर आइज', चौथा 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन', पाचवा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' आणि सहावा 'ब्लॅक मिथ : वुकाँग' असा तो क्रम होता. क्रम लावताना मी एकच कसोटी वापरली होती : गेमने माझ्यापुढे कोणते निर्णय ठेवले आणि ते घेताना माझे मन किती गुंतले. या यादीवर बरीच पत्रे आली. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एका पत्रामुळे मला माझा क्रम बदलावाही लागला आहे.

प्रश्न : मी 2024 मध्ये नऊ गेम पूर्ण केले. ग्राफिक्स, कथा, संगीत, नियंत्रण आणि खेळण्यातला आनंद अशा पाच बाबींसाठी प्रत्येक गेमला दहापैकी गुण दिले आणि सरासरी काढली, तेव्हा नऊपैकी सात गेमना आठच्या आसपास गुण मिळाले. एवढे करूनही सर्वांत आवडता गेम कोणता, हे मला सांगता येत नाही. क्रम लावण्याची याहून चांगली रीत आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली मेहनत प्रामाणिक आहे, पण घोटाळा सरासरीतच आहे. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम, त्यात कथा नावाची गोष्टच नाही. मग कथेच्या रकान्यात त्याला शून्य द्यायचे की तो रकाना रिकामा ठेवायचा? 'लोरेलाय'मध्ये चालणे आणि एक बटण दाबणे यापलीकडे नियंत्रण नाही, आणि ते तसे मुद्दाम ठेवले आहे; त्याला नियंत्रणाचे किती गुण द्यावेत? प्रत्येक गेम प्रत्येक रकान्यासाठी झटत नसतो, त्यामुळे पाच रकान्यांची सरासरी काढली की ज्या एका गोष्टीसाठी तो गेम जन्माला आला तीच बुजून जाते आणि सगळे आठच्या आसपास येऊन थांबतात.

मी गुण देत नाही, दोन-दोन गेम शेजारी ठेवून पाहतो. नऊ गेमची नावे नऊ चिठ्ठ्यांवर लिहा. पहिल्या दोन चिठ्ठ्या घेऊन यांतला कोणता वर, एवढेच ठरवा. तिसरी चिठ्ठी आली की ती योग्य जागी बसवा. पुढची प्रत्येक चिठ्ठी आधी लावलेल्या रांगेच्या मधोमध ताडून पाहा. तिथे ती वरची ठरली तर वरच्या अर्ध्या भागाच्या मधोमध, खालची ठरली तर खालच्या अर्ध्याच्या मधोमध, असे करत जा. नऊ गेमच्या एकूण जोड्या 36 होतात, पण या पद्धतीने जास्तीत जास्त 21 तुलनांमध्ये सगळी रांग लागते. प्रत्येक तुलनेनंतर 'हा याच्या वर का' याचे एक वाक्य लिहून ठेवा. खरी यादी त्या वाक्यांत असते. आकड्यांवर मी पुढच्या वर्षी विश्वास ठेवणार नाही, वाक्यांवर ठेवीन.

माझ्या पहिल्या दोन क्रमांकांमधले वाक्य आपल्याला सांगतो. 'अ‍ॅनिमल वेल' हा 9 मे 2024 रोजी आलेला गेम बिली बासो या एका माणसाने सात वर्षे खपून, गेमचे इंजिनही स्वतः लिहून तयार केला. त्याचा आकार 40 मेगाबाइटसुद्धा भरत नाही. हल्ली फोनवर काढलेली एखाद्या मिनिटाची चित्रफीत याहून मोठी असते. आपण एका अंधाऱ्या भूलभुलय्यातला छोटासा जीव असतो आणि आपल्याकडे एकही शस्त्र नसते. फटाके, बुडबुडे सोडणारी कांडी, यो-यो, फेकायची तबकडी अशी खेळणी एकेक करून सापडत जातात. बुडबुड्यावर उडी मारून उंच चढता येते, फेकलेल्या तबकडीवर स्वार होऊन दरी ओलांडता येते, आणि हे कोणीही सांगत नाही. एके दिवशी ते आपले आपल्यालाच सुचते. शेवट झाला असे वाटल्यावर कळते की 64 अंडी शोधायची अजून बाकीच आहेत. त्याखाली आणखी एक थर आहे : एका भित्तिचित्राचे 50 तुकडे असून प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला त्यांतला एकच तुकडा येतो, म्हणजे जगभरच्या अनोळखी खेळाडूंनी आपापले तुकडे एकमेकांना दाखवल्याशिवाय ते चित्र पूर्ण होत नाही. एवढ्या लहान जागेत एवढे खोल काही मी दुसरे पाहिलेले नाही. तरीही तो दुसरा का? माझे वाक्य असे आहे : 'अ‍ॅनिमल वेल'ने मला उत्तरे शोधायला लावली आणि उत्तर सापडले की तो प्रश्न संपला, 'बलाट्रो'ने मला निर्णय घ्यायला लावले आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी नव्या पानांसह पुन्हा समोर आला.

तुलना करताना कधी असेही होते की पहिला गेम दुसऱ्यापेक्षा सरस, दुसरा तिसऱ्यापेक्षा सरस, आणि तिसरा पुन्हा पहिल्यापेक्षा सरस वाटतो. तसे झाले तर चिठ्ठ्या फेकून देऊ नका, लिहिलेली तिन्ही वाक्ये वाचा. बहुधा दोन वाक्यांत खेळण्याचा विचार केलेला असतो आणि तिसऱ्यात नकळत चित्रांचा किंवा किमतीचा. कसोटी कुठे बदलली, ते तिथे दिसते.

आणखी एक सूचना. यादी डिसेंबरमध्ये बसून आठवणीवर करू नका. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' 18 जानेवारी 2024 रोजी आला. वर्ष संपताना याद्या होऊ लागल्या तेव्हा त्याला अकरा महिने झाले होते आणि अनेकांच्या डोक्यातून तो पुसला गेला होता. मी प्रत्येक गेम संपवल्याच्या रात्री वहीत तारीख, लागलेले तास आणि लक्षात राहिलेला एक निर्णय, अशा तीनच ओळी लिहितो. त्या नसत्या तर हा गेम माझ्याही यादीतून सुटला असता.

प्रश्न : 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ला आपण सहावे स्थान दिलेत याचे वाईट वाटले. शेकडो कलावंतांनी अनेक वर्षे खपून केलेले हे काम पत्त्यांच्या एका खेळाच्या पाच पायऱ्या खाली कसे असू शकते? चीनच्या एका स्टुडिओने आपल्या पुराणकथेतून जगाला थक्क केले, याची किंमत काहीच नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : किंमत फार मोठी आहे आणि ती मी मनापासून मानतो. गेम सायन्स या स्टुडिओने 20 ऑगस्ट 2024 रोजी हा गेम प्रसिद्ध केला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या 1 कोटी प्रती विकल्या गेल्या. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून एका वेळी 24 लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. शांक्सी प्रांतातल्या जुन्या देवळांची आणि मूर्तींची बारकाईने मोजमापे घेऊन ती गेममध्ये उभी केली आहेत. दुसऱ्या प्रकरणात वाळवंटी रस्त्याच्या कडेला मुंडके नसलेला एक गायक तंतुवाद्य वाजवत उत्तर चीनच्या लोकशैलीत गात बसलेला भेटतो. त्याच्यासमोर मी कंट्रोलर खाली ठेवून ऐकत बसलो होतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या शैलीतली एक छोटी अ‍ॅनिमेशन कथा येते, आणि त्यांतल्या काही स्वतंत्रपणे दाखवाव्यात अशा आहेत.

ज्या कथेवर हा गेम उभा आहे ती सोळाव्या शतकातली 'पश्चिमेची यात्रा' ही चिनी कादंबरी बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी भारतात आलेल्या ह्युएन त्संगच्या प्रवासावर बेतलेली आहे. सातव्या शतकातला तो खरा यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. शाळेच्या इतिहासात त्याचे नाव वाचलेल्या मराठी माणसाला या गेममध्ये एक जवळीक वाटते ती यामुळे, आणि मलाही ती वाटली.

आता सहाव्या क्रमांकाविषयी. या गेमचे बॉस, म्हणजे वाटेत लढावे लागणारे मोठे शत्रू, अप्रतिम आहेत. आपण ज्या वानराच्या रूपात खेळतो त्याचा सोटा केव्हा उगारायचा, रूप केव्हा बदलायचे, मागे केव्हा सरायचे, हे प्रत्येक लढतीत नव्याने शिकावे लागते. पण दोन लढतींमधली वाट माझ्यापुढे काही ठेवत नाही. समोर सुंदर कडा दिसतो, वाटते की इथून चढता येईल, आणि अदृश्य भिंत आडवी येते. शेजारची तशीच दिसणारी फट मात्र खरी असते. सुरुवातीला नकाशाही नव्हता, तो डिसेंबर 2024 मध्ये आला. डोळ्यांनी जे पाहिले त्याला मी या वर्षी पहिला क्रमांक देईन. माझी यादी मात्र हातून काय घडले याची आहे. शेकडो लोकांची मेहनत आदरास पात्र असते, पण मेहनतीच्या प्रमाणात क्रम द्यायचा ठरवला तर खेळण्याआधीच यादी तयार होईल. मग मी खेळायचे कशाला?

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा आपली यादी वाचून 'बलाट्रो' मागतो आहे. पोकर म्हणजे जुगार, हे मी त्याला समजावत आले आहे. पैसे लावून रमी खेळण्याच्या जाहिराती त्याने फोनवर पाहिल्या आहेत. अशा वेळी आपल्यासारख्यांनी पत्त्यांच्या गेमला पहिले स्थान द्यावे, हे मला पटले नाही. कृपया खुलासा करावा. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पैसे लावलेल्या रमीत किंवा तीन पत्तीत समोर माणूस असतो, खिशातले पैसे असतात आणि हरल्यावर ते जातात. 'बलाट्रो'मध्ये यांतले काहीही नाही. समोर दुसरा खेळाडू नाही, खऱ्या पैशांची पैज नाही आणि एकदा गेम विकत घेतल्यावर आत काही विकत घेण्याची सोयही नाही. पोकरमधून फक्त हातांची नावे घेतली आहेत. युरोपात गेमचे वयोगट ठरवणाऱ्या पेगी या व्यवस्थेने जुगाराच्या चित्रांचे कारण देऊन 2024 मध्ये त्याला 18 वर्षांवरील गटात टाकले होते; पुनर्विचारानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये तोच गट 12 वर्षांवर आणला गेला.

आत काय चालते ते पाहा. 52 पानांचा जोड असतो. हातात आठ पाने येतात आणि त्यांतली जास्तीत जास्त पाच टाकून जोडी, तीन सारखी पाने, ओळीने पाच पाने असा एखादा हात लावायचा असतो. प्रत्येक हाताला एक मूळ अंक आणि एक गुणक ठरलेला आहे. समजा, बदामची पाच पाने लागली : राजा, गुलाम, नव्वी, सत्ती आणि तिर्री. एकाच रंगाच्या पाच पानांचा मूळ अंक 35 आणि गुणक 4. राजा-गुलामाचे दहा-दहा धरून पानांची बेरीज 39, त्यात 35 मिळवले की 74, आणि 74 गुणिले 4 म्हणजे 296. पहिल्या फेरीचे लक्ष्य असते 300. चार गुण कमी पडले, पण फेरीत चार हात टाकता येत असल्याने पुढचा कोणताही हात ते भरून काढतो. जोकर म्हणजे जवळ ठेवायचे, गुण वाढवणारे जास्तीचे पान. आता आपल्याकडे गुणकात चाराची भर घालणारा साधा जोकर असता, तर तीच पाच पाने 74 गुणिले 8 म्हणजे 592 झाली असती. तिसऱ्या फेरीचे लक्ष्य एरवी 600 असते, तिथे पुन्हा आठ कमी! असे तीन-तीन फेऱ्यांचे आठ टप्पे आहेत आणि आठव्या टप्प्याची पहिली फेरीच 50,000 मागते.

तीनशेपासून पन्नास हजारांपर्यंतचा हा चढ नुसत्या नशिबावर चढता येत नाही. एकूण 150 जोकर आहेत आणि जवळ साधारणपणे पाचच ठेवता येतात. एक जोकर जोड्यांना बळ देतो, दुसरा बदामच्या पानांना, तिसरा आज दुबळा असतो पण दर फेरीला वाढत जातो. शिवाय गेममधल्या शिलकीवर दर पाच डॉलरमागे एक डॉलर, जास्तीत जास्त पाच डॉलर, असे व्याज मिळते. म्हणून आज जोकर घ्यावा की शिल्लक राखून पुढच्या फेरीला चांगला घ्यावा, हा हिशेब सतत मनात चालू राहतो. नको असलेली पाने जोडातून काढून टाकता येतात, तेव्हा हवे ते पान येण्याची शक्यता किती वाढली, याचा अंदाज तेरा वर्षांचा मुलगा बोटांवर काढू लागतो. आमच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत रमीचा डाव बसायचा तेव्हा कोणते पान पडले आणि कोणते अजून जोडात आहे, याची नोंद ठेवायला मला आजीने शिकवले. 'बलाट्रो' खेळताना मला तेच शिक्षण पुन्हा मिळाले.

कॅनडातल्या एका माणसाने लोकलथंक या टोपणनावाने हा गेम एकट्याने तयार केला. 20 फेब्रुवारी 2024 रोजी तो आला आणि जानेवारी 2025 पर्यंत त्याच्या 50 लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एक गोष्ट मात्र मी आपल्यापासून लपवणार नाही : 'आणखी एकच डाव' म्हणायला लावण्याची ताकद या गेममध्ये फार आहे. डाव साधारण तासाभराचा असतो. मुलाशी दिवसाला एक डाव असे ठरवा आणि पहिले काही डाव त्याच्या शेजारी बसून खेळा. पैशांची रमी आणि हा खेळ यांतला फरक तुम्ही दोघे मिळून पाहाल, तेव्हा त्या जाहिरातींविषयी त्याच्याशी बोलणेही सोपे जाईल.

प्रश्न : मी नववीत शिकतो. मामाकडे सुट्टीत 'लॉस्ट क्राउन' आणि 'अ‍ॅस्ट्रो बॉट' खेळलो. तुम्ही निर्णयाची कसोटी लावता, पण उडी केव्हा मारायची हे तर बोटे ठरवतात, विचार करायला वेळच नसतो. मग तुमच्या यादीत बोटांना जागा नाही का? 'लोरेलाय'मध्ये नुसती कोडी आहेत, तरी तो 'लॉस्ट क्राउन'च्या वर का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि मग वही काढून त्या दोन गेमची तुलना पुन्हा केली.

'लोरेलाय अँड द लेझर आइज' हा माल्मो इथल्या सिमोगो या स्वीडिश स्टुडिओचा गेम. एका निर्मनुष्य हॉटेलात एक स्त्री येते आणि तिथल्या कुलपांमागे, चित्रांमागे, आकड्यांमागे दडलेले काहीतरी उलगडू लागते. तो खेळताना मी वहीची 30 पाने भरली. रोमन आकडे, सनावळ्या, चक्रव्यूहांचे आराखडे, सगळे पेनने काढले. ते दिवस मला फार प्रिय आहेत आणि माझ्या कसोटीत डोक्याचे पारडे जड झाले ते त्यामुळेच.

पण तू लिहिलेस ते खरे आहे. 'लॉस्ट क्राउन'मध्ये सार्गोन या नायकाला सीमुर्ग या पौराणिक पक्ष्याच्या पिसांपासून शक्ती मिळतात. त्यांतल्या एकीने तो स्वतःची सावली एका जागी ठेवून पुढे जातो आणि बटण दाबताच क्षणात त्या सावलीच्या जागी परत येतो. काट्यांच्या खिंडीत सावली कुठे ठेवायची हे आधी डोक्याने ठरवावे लागते, आणि मग हवेत असताना, सेकंदाच्या एका तुकड्यात, परत केव्हा यायचे हे बोटे ठरवतात. चुकलास तर पुढच्या खेपेला सावली दोन पावले अलीकडे ठेवतोस. म्हणजे बोटांनी केलेली चूकच डोक्याला शिकवते. काफ पर्वतातल्या ज्या दारापाशी अडकलो तिथले चित्र टिपून नकाशावर टाचण्याची सोयही याच गेमने दिली, त्यामुळे नवी शक्ती मिळाल्यावर कुठे परत जायचे हे शोधत फिरावे लागत नाही. निर्णय क्षणात घेतला म्हणून तो निर्णय नव्हे, असे मी धरून चाललो होतो. ती माझी चूक होती. 'लॉस्ट क्राउन' तिसरा आणि 'लोरेलाय' चौथा, असा बदल मी या अंकापासून करतो आहे.

'अ‍ॅस्ट्रो बॉट' मात्र पाचवाच राहील. टोकियोच्या टीम असोबीने कंट्रोलरमध्ये जी जादू भरली आहे, की वाळू, काच आणि पत्रा यांवरून चालताना तळहाताला वेगळे वेगळे जाणवते, तिला तोड नाही. तीनशेहून अधिक छोटे बॉट सोडवताना मी एकदाही कंटाळलो नाही. उंदराएवढे होणे, हत्तीसारखे पाणी शोषणे, वेळ मंदावणे अशी एकेक भन्नाट कल्पना एका लेव्हलपुरती येते आणि निघून जाते. तिच्यावर माझी पकड बसायच्या आत नवी येते, म्हणून बोटांना आनंद होतो पण ती तरबेज होत नाहीत. शब्दांचा जवळजवळ वापर नसल्याने इंग्रजी न वाचणाऱ्या आजीपासून पहिलीतल्या नातवापर्यंत कोणीही तो खेळू शकते. घरातल्या सगळ्यांनी मिळून यादी केली असती तर कदाचित तोच पहिला आला असता.

प्रश्न : 12 डिसेंबर 2024 रोजी द गेम अवॉर्ड्समध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉट' वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. 'एल्डन रिंग'च्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या विस्तारालाही तिथे नामांकन होते. आपल्या यादीत पहिला पाचवा आणि दुसरा नाहीच, असे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तिथे शंभराहून अधिक माध्यमसंस्थांच्या परीक्षकांचे मत 90 टक्के आणि लोकांचे मत 10 टक्के धरले जाते. इतक्या जणांची मते एकत्र केली की कोणालाच न खटकणारा गेम वर येतो, आणि 'अ‍ॅस्ट्रो बॉट' तसाच आहे. तो मान त्याला शोभतो. एका माणसाच्या यादीला सगळ्यांना चालेल असा गेम शोधण्याची गरज नसते. विस्ताराविषयी म्हणाल तर 'शॅडो ऑफ द एर्डट्री' खेळायला फेब्रुवारी 2022 चा मूळ 'एल्डन रिंग' लागतो आणि त्यातले दोन महाबलाढ्य शत्रू आधी हरवल्याशिवाय त्या प्रदेशात पाऊलही टाकता येत नाही. जुन्या घराला जोडलेल्या सुंदर दालनाची तुलना नव्या घराशी करणे मला जमले नाही, म्हणून तो मी यादीबाहेर ठेवला.

प्रश्न : आपल्या यादीत कॅनडा, अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, जपान आणि चीन आहेत. भारत नाही. महाराष्ट्रात गेम बनत नाहीत, की ते यादीत बसण्याच्या योग्यतेचे नाहीत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट 2020 मध्ये आला. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, तिच्या हातातले त्रिशूळ आणि राजस्थानी किल्ल्यांसारख्या भिंती मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होते आणि माझ्या 2020 च्या यादीत तो चौथा होता. 'लॉस्ट क्राउन' काढणाऱ्या यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचे काम या दोन स्टुडिओंकडे होते, 2022 मध्ये ते कंपनीच्या माँट्रियलमधल्या स्टुडिओकडे गेले. ज्या पिढीने संगणकाच्या क्लासमध्ये सरांची नजर चुकवून साठ मिनिटांत राजकन्येला सोडवण्याचा जुना 'प्रिन्स' खेळला, तिला ती बातमी लागली, आणि मी त्याच पिढीतला आहे.

2024 मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' हा बॅटल रोयाल गेम, म्हणजे शेवटचा उरेपर्यंत अनेकांनी एकमेकांशी लढण्याचा गेम, ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर आला. सतत बदलत राहणाऱ्या बॅटल रोयाल गेमना मी वर्षाच्या यादीत घेत नाही, कारण डिसेंबरमधला गेम पुढच्या जूनमध्ये तोच राहत नाही. हा नियम मी परदेशी गेमनाही लावतो.

आपल्या मातीतला गेम कसा असू शकतो, याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण मात्र 2023 चा 'वेन्बा' आहे. तो टोरोंटोच्या व्हिसाई गेम्सने केला आहे. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातली आई फाटलेल्या पाककृतीच्या वहीतून पदार्थ आठवत आठवत करते. पहिल्याच पदार्थात इडलीच्या ताटल्या एकमेकींवर कशा ठेवायच्या, हे वाफेला वाट कुठून मिळेल याचा विचार करून ठरवावे लागते. कोडे तेवढेच आहे, पण ते सोडवताना त्या बाईच्या माहेरच्या स्वयंपाकघरात आपण उभे असतो. पुरणाला चटका किती द्यायचा, उकडीच्या मोदकाची पारी किती पातळ करायची, यांतही असेच निर्णय आहेत. असा मराठी गेम आला तर त्याची चिठ्ठी मी इतर चिठ्ठ्यांप्रमाणेच रांगेच्या मधोमध ताडून पाहीन. वरची जागा त्याला त्यानेच मिळवावी लागेल आणि तो ती मिळवू शकेल, असे मला वाटते.

प्रश्न : 'मेटाफर : रीफँटॅझिओ' आपल्याला आवडला नाही का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : फार आवडतो आहे, पण माझा तो अजून पूर्ण झालेला नाही. 11 ऑक्टोबर 2024 रोजी आलेला हा अ‍ॅटलसचा गेम मी 40 तास खेळलो आहे. त्यात दिवसांची मुदत ठरलेली असते आणि प्रत्येक संध्याकाळ कोणासोबत घालवायची, हे निवडावे लागते. म्हणजे माझ्या कसोटीला तो नेमका बसणारा आहे. परंतु निर्णयांची फळे ज्या गेममध्ये शेवटी मिळतात, त्याला शेवट न पाहता क्रमांक देणे मला योग्य वाटत नाही. वहीत त्याच्या नावापुढे तारखेची जागा सध्या रिकामी ठेवली आहे. तो संपला की त्याची पहिली तुलना बदललेल्या यादीत तिसऱ्या जागी आलेल्या 'लॉस्ट क्राउन'शी होईल आणि ते वाक्य मी याच सदरात छापीन.